पोटात उतरणारे रंग

उन्हाळा सरत आला की शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठाकर आणि कातकरी बाया पानांचे द्रोण मांडून बसतात. एका द्रोणात काळीभोर करवंदे, दुसऱ्यात टपोरी जांभळे. शाळेला सुट्टी असलेली पोरे दोन-चार जांभळे तोंडात टाकतात आणि लगेच एकमेकांना जीभ काढून दाखवतात. ज्याची जीभ जास्त जांभळी, त्याचे जांभूळ चांगले, असा आमच्याकडचा सरळ हिशोब. जिभेवरचा रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचे कौतुक होते. पण घास गिळल्यावर तो रंग जातो कुठे, आणि आत जाऊन करतो काय?

या भागात बरीच वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले. आता ती मुले मोठी झाली आहेत. भेटली की विचारतात, "सर, हळदीनं आतड्याची सूज उतरते म्हणे, खरं का?" कुणी डाळिंबाच्या रसाबद्दल विचारते, कुणी बिटाबद्दल. मोबाइलवर असे काही ना काही रोज येत असते. त्यांना मी सांगतो, यातले काही खरे आहे, काही अर्धे खरे आहे, आणि या अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त अडचणीत येतो. वनस्पतींचे रंग आणि आतड्याचा दाह यांचे नाते नेमके काय, ते आज समजून घेऊ.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

आधी रंगांची ओळख. झाड आपल्यासाठी रंग तयार करत नाही, स्वतःसाठी करते. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते. त्याच्यासोबत पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्ये असतात. ती जास्तीच्या प्रकाशापासून पानाचे रक्षण करतात. हिरव्या पानात ती दिसत नाहीत, कारण हिरवा रंग त्यांना झाकून टाकतो. टाकळा, कुर्डू, माठ, शेवग्याचा पाला या सगळ्यांत हा पिवळा रंग लपलेला असतो. जांभूळ, करवंद, कोकम, डाळिंबाचा दाणा यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या गटातला. फळ पिकले की तो भरतो आणि पाखरांना आमंत्रण देतो. पाखरू फळ खाते, बी दूर नेऊन टाकते. लाल माठ आणि बीट यांचा लाल मात्र वेगळ्याच घराण्यातला, बीटालेन गटातला. आणि हळदीचा पिवळा म्हणजे करक्युमिन. फ्रान्समध्ये फोगेल आणि पेलेटिए यांनी तो हळदीतून वेगळा काढला १८१५ साली.

हे रंग म्हणजे नुसता मुलामा नव्हे, ती रसायने आहेत आणि आजूबाजूला काय आहे त्याप्रमाणे ती वागतात. याचा प्रयोग घरात रोज होतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतात, कुंकवाची जुनी कृती याच गुणावर उभी आहे. जांभळाच्या रसात लिंबू पिळा, तो लालसर होईल. खाण्याचा सोडा टाका, निळसर होईल. जठरात आंबट, पुढे लहान आतड्यात अल्कधर्मी, अशा वाटेने हे रंग जातात तेव्हा तेही बदलत जातात.

एका पेशीची भिंत

आता आतड्याकडे वळू. आपल्या आतड्याचे आतले अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. अलीकडे अन्न, विष्ठा आणि अब्जावधी जीवाणू, पलीकडे आपले रक्त. मधे एवढीच भिंत आणि तिच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर. या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. एवढ्या पातळ भिंतीमागे शरीराने रोगप्रतिकारक पेशींची फार मोठी फौज ठेवली आहे, यात नवल नाही.

या फौजेला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. शत्रू आला तर लढायचे, आणि घरचे जीवाणू, रोजचे अन्न यांच्यावर हात उचलायचा नाही. लढाई होते तेव्हा जागा लाल होते, सुजते, गरम होते, दुखते. हाच दाह. जुलाब लागले, चार दिवसांत बरे वाटले, की तो दाह विझला. पण काही माणसांत तो विझतच नाही. शत्रू नसतानाही फौज गोळीबार करत राहते. मोठ्या आतड्याच्या अस्तरात व्रण पडतात, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही आणि भिंतीच्या खोलवर दाह होतो, तो क्रोन्सचा आजार.

हे साहेबी आजार आहेत, आपल्याकडे होत नाहीत, असा समज बरीच वर्षे होता. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी केली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. म्हणजे आजार आपल्याकडे होता, पण तो शोधला जात नव्हता.

दाहाची आज्ञा पेशीला कुठून मिळते, याचाही शोध लागला आहे. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने एक प्रथिन शोधले. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. पेशीत ते एरवी बांधून ठेवलेले असते. धोक्याची सूचना आली की ते सुटते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि दाहाची रसायने तयार करणाऱ्या जनुकांना चालू करते. गावातली धोक्याची घंटाच म्हणा. चिवट दाहाच्या रुग्णाच्या आतड्यात ही घंटा सतत वाजत राहते. प्रयोगशाळेत पेशींवर करक्युमिन टाकले, अँथोसायनिन टाकले, की ही घंटा मंदावते, असे अनेकदा दिसले आहे. सगळ्या उत्सुकतेचे मूळ इथे आहे.

पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा.

रंगाचा प्रवास

हे रंग खाल्ले की रक्तात फारच थोडे उतरतात. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून जे थोडे आत शिरते, त्याचे रूप यकृत लगेच पालटून टाकते. सांधे, मेंदू वगैरे ठिकाणी औषध पोचवायचे तर ही मोठीच अडचण. आतड्याच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट सोयीची ठरते. रंग रक्तात गेला नाही, म्हणजे तो आतड्यातच राहिला. जिथे काम आहे तिथेच थांबला.

अँथोसायनिनचेही तसेच. बहुतेक भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथले जीवाणू तो फोडतात. त्यातून लहान लहान आम्ले तयार होतात. रंग नाहीसा होतो, पण त्याचे हे तुकडे आतड्याच्या पेशींना भेटतात. डाळिंबात रंगाच्या सोबतीला एलाजिटॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. त्यांपासून काही जीवाणू युरोलिथिन-ए हा पदार्थ बनवतात. बंगळुरूची इनस्टेम ही संस्था आणि अमेरिकेतले लुइव्हिल विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवले, की युरोलिथिन-ए आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट करतो आणि उंदरांमधला कोलायटिस कमी करतो. सोलापूरच्या डाळिंबाला ही शाबासकीच म्हणायची. पण एक मेख आहे. युरोलिथिन बनवणारे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. तेव्हा दोघांनी एकाच डाळिंबाचा अर्धा-अर्धा वाटा घेतला, तरी दोघांच्या आतड्यात घडेल ते वेगळे.

आणि हिरव्या पाल्यात लपलेला तो पिवळा? त्यातल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. आतड्यात त्यापासून रेटिनोइक आम्ल बनते. रोजच्या अन्नावर उगाच हल्ला करू नका, हे आतड्याच्या फौजेला शिकवण्यात या आम्लाचा मोठा वाटा आहे. हा रंग तेलात विरघळणारा. म्हणून टाकळ्याची भाजी नुसती उकडून खाण्यापेक्षा लसणीची फोडणी दिली तर तो अंगी लागतो. आजीची फोडणी चवीसाठी होती, पण विज्ञानाच्याही बाजूची होती.

तांदळाचेही सांगायला हवे. जुन्या लाल तांदळाचा, कोकणात ज्याला राता म्हणतात त्याचा, रंग दाण्याच्या वरच्या कोंड्यात असतो. नाचणीचा तांबूसपणाही तिच्या सालीतच. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केला, की रंग आणि कोंडा दोन्ही जातात. कोंडा हे आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचे खाद्य. ते खाऊन हे जीवाणू ब्युटिरिक आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावरच जगतात. म्हणजे रंगाबरोबर आपण त्या पेशींचे जेवणही भुशात टाकतो.

हळदीचा हिशोब

आता माणसांवरच्या चाचण्या. जपानमध्ये हानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस आटोक्यात असलेले ८९ रुग्ण घेतले. सगळ्यांची नेहमीची औषधे चालू ठेवली. निम्म्यांना त्यासोबत रोज दोन ग्रॅम करक्युमिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २००६ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत करक्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी २ जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ३९ पैकी ८ जणांचा. २०१५ साली इस्रायल आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांची चाचणी आली. आजार चालू असलेल्या ५० रुग्णांना नेहमीच्या मेसालामाइन या औषधासोबत रोज तीन ग्रॅम करक्युमिन किंवा पोकळ गोळी दिली. महिनाभरात करक्युमिनच्या गटातले २६ पैकी १४ जण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटातल्या २४ पैकी एकही नाही.

इथपर्यंतचे तुम्हाला मोबाइलवर वाचायला मिळेल. पुढचे सहसा मिळत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ६२ रुग्णांवर अशीच चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिथे मात्रा होती रोज साडेचारशे मिलिग्रॅम. आठ आठवड्यांनी पाहिले, तर पोकळ गोळी आणि करक्युमिन यांत फरक नव्हता.

आता आपण आपला हिशोब मांडू. चांगल्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे एक ग्रॅम हळदीत तीस मिलिग्रॅम. भाजी-आमटीतून माणसाच्या पोटात दिवसाला एक-दोन ग्रॅम हळद गेली, तर करक्युमिन झाले तीस ते साठ मिलिग्रॅम. एम्समध्ये निष्फळ ठरलेली मात्रासुद्धा गाठायची तर रोज पंधरा ग्रॅम हळद लागेल. तीन ग्रॅम करक्युमिनसाठी शंभर ग्रॅम. रोज शंभर ग्रॅम हळद कोण खाणार? तेव्हा हळदीच्या दुधाचा पेला चांगला, जरूर प्या, पण त्या पेल्याला चाचणीतल्या औषधाचे श्रेय देऊ नका.

जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करायला लावले. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण ती लढाई, हे ज्ञान कुणाचे, यासाठी होती. कोणत्या आजाराला किती हळद लागते हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोजूनच मिळते.

जांभळ्या रंगाचीही मोजणी झाली आहे. युरोपात बिलबेरी नावाचे गडद निळे फळ होते. झुरिचच्या डॉक्टरांनी २०१३ साली १३ रुग्णांना त्याचा पदार्थ सहा आठवडे दिला, बऱ्याच जणांना आराम पडला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे पोकळ औषधाशी तुलना करून एक लहान चाचणी झाली. २०२४ साली तिचा निकाल आला तेव्हा ठाम फरक दाखवता आला नाही. आशा आहे, पण खात्री नाही, एवढेच आज म्हणता येते.

निळीचा धडा

वनस्पतीचा रंग आहे, म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी निळीची गोष्ट ऐकावी. नीळ म्हणजे झाडाच्या पानांतून निघणारा तो जुना निळा रंग, कपडे रंगवण्याचा. चीन-जपानकडे तिची पूड औषध म्हणून वापरतात. जपानमध्ये कोलायटिसच्या ८६ रुग्णांवर तिची चाचणी झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. गुण विलक्षण. पोकळ गोळीच्या गटात सुमारे १४ टक्के लोकांना आराम, तर निळीच्या तीन वेगवेगळ्या मात्रांवर सुमारे ७० ते ८१ टक्के लोकांना. आतड्याच्या पेशींमधला एक विशिष्ट ग्राहक निळीतली द्रव्ये चालू करतात आणि व्रण भरू लागतात.

पण ही चाचणी मधेच थांबवावी लागली. चाचणीच्या बाहेर, स्वतःच्या मनाने नीळ घेणाऱ्या एका रुग्णाला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा गंभीर आजार झाल्याचे कळले. जपानच्या आरोग्य मंत्रालयानेही २०१६ साली असा इशारा दिला होता. ज्या रंगात गुण येण्याएवढी ताकद आहे, त्यात अवगुणाचीही ताकद असते. आणि एक सांगून ठेवतो, आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी मिळणारी नीळ हा निराळाच पदार्थ आहे. ती तोंडाजवळही नेऊ नका.

हळदीचेही तसेच. स्वयंपाकातल्या हळदीने कुणाचे यकृत बिघडत नाही. पण करक्युमिन रक्तात जास्त उतरावे म्हणून मिऱ्याचे सत्त्व घालून केलेल्या जोरदार गोळ्या बाजारात आल्या आहेत. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती दिली. त्यांतला एक दगावला. मिऱ्याने जे जास्त उतरते ते यकृताकडेच जाते, हे लक्षात ठेवावे.

गोळी का सोडू नये

माझ्या ओळखीतला एक तरुण. वय तिशीच्या आतबाहेर, घरची भातशेती. शौचावाटे रक्त जायचे. मूळव्याध समजून वर्षभर त्याच्यावर उपचार झाले, लेप झाले, पथ्ये झाली. वजन दहा-बारा किलोने उतरल्यावर तो शहरातल्या रुग्णालयात गेला. दुर्बिणीने तपासणी झाली, कोलायटिस निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत गडी नांगराला उभा राहिला. मग कुणीतरी सांगितले, "एवढ्या गोळ्या कशाला? हळद आहे ना!" त्याने गोळ्या बंद करून हळदीचा काढा सुरू केला. तीन महिन्यांत आजार उलटला, रक्त चढवावे लागले, त्या वर्षीची लावणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उरकून दिली.

वर सांगितलेल्या जपान आणि इस्रायलच्या चाचण्या पुन्हा आठवा. तिथे करक्युमिन नेहमीच्या औषधासोबत दिले होते, औषध बंद करून नव्हे. हे एक वाक्य त्या तरुणाला कुणी वेळेवर सांगितले असते, तर बरेच टळले असते.

गंमत अशी, की ज्या गोळीला तो कंटाळला तिचा वंशही रंगांशी जोडलेला आहे. सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी तयार करवून घेतले आणि ते कोलायटिसवर लागू पडल्याचे १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जगाला सांगितले. ही गोळी केशरी-पिवळी असते, ती घेणाऱ्याची लघवीही केशरी होते. तिच्यात दोन तुकडे 'ॲझो' नावाच्या जोडणीने बांधलेले आहेत. कापड रंगवण्याच्या कितीतरी रंगांत हीच जोडणी असते. गोळी मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू ती जोडणी तोडतात आणि दाह शमवणारा तुकडा नेमक्या जागी सुटतो. जांभळाचा रंग फोडणारे आणि ही गोळी फोडणारे जीवाणू एकाच वस्तीतले. निसर्ग आणि कारखाना यांचे भांडण आपण लावतो, आतड्याला ते ठाऊक नसते.

बाटलीतले रंग

कारखान्यातले सगळेच रंग मात्र असे उपकारी नसतात. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, आणि पोरांसाठी लालभडक बर्फाचे गोळे, गुलाबी बुड्ढी के बाल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वालिउल खान यांच्या गटाने २०२२ साली दाखवले, की पाश्चात्त्य खाऊत सर्रास असणारा अल्युरा रेड हा लाल रंग उंदरांना बारा आठवडे दिला, तर त्यांच्या आतड्यात सेरोटोनिन वाढते आणि कोलायटिस जास्त तीव्र होतो. हा प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यावरून जत्रेतल्या गोळ्याला दोषी ठरवता येणार नाही. पण आपल्याकडे अडचण वेगळी आहे. सुट्या खाऊत कोणता रंग घातलाय हेच कळत नाही. कपड्यांसाठी वापरला जाणारा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडल्यामुळे तमिळनाडूने २०२४ साली बुड्ढी के बाल विकण्यावर बंदी घातली.

हळदही यातून सुटलेली नाही. बांगलादेशात हळकुंडे चकचकीत पिवळी दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, लावला जात असल्याचे २०१९ साली उघड झाले. तिथल्या सरकारने छापे घातले, लोकांना समजावले, आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतून शिसे नाहीसे झाले. म्हणजे मनावर घेतले तर होते. आपण आपल्यापुरते एवढे करावे, की डोळ्यांत भरणाऱ्या भडक पिवळ्या हळदीचा मोह टाळावा आणि ओळखीच्या ठिकाणची घ्यावी.

पाण्यावाचून रंग फिका

शेवटची गोष्ट आमच्या तालुक्यांची. कोलायटिस तसा थोड्यांना होतो. पण पाड्यावरच्या लहान मुलांच्या आतड्यात आणखी एक दाह असतो, त्याचा गाजावाजा होत नाही. घाणेरडे पाणी, उघड्यावरची विष्ठा, हातावरची माती यांतून जंतू सतत पोटात जातात. मुलाला जुलाब होतातच असे नाही. पण आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजून बोथट होतात, अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटते. अंगणवाडीत वजन भरत नाही म्हणून आईला बोलणी बसतात, आणि मूल तर जेवत असते.

या मुलांना रानभाजी द्या, नाचणी द्या, हे मी सांगेनच. पण कुठलाही रंग घाणेरड्या पाण्याला उतारा नाही. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जाते. आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. त्यांच्या मुलांच्या आतड्याचा दाह शमवायचा, तर पहिले औषध नळाचे स्वच्छ पाणी आणि वापरता येईल असा संडास.

ताटात काय असावे

मग या रंगांचे करायचे काय? औषध म्हणून नव्हे, रोजचे अन्न म्हणून त्यांना ताटात जागा द्यावी. मृग लागला की टाकळा, कुर्डू, कवळा, शेवळं येतात. त्या आठवड्यांत पिशवीतल्या कोबी-फ्लॉवरला सुट्टी द्या. शेवळं खाजरी असतात, त्यांत काकडाची फळे किंवा आमसूल घालायची रीत मोडू नका. लाल माठ, जांभूळ, करवंद, डाळिंब, कोकम ज्याच्या त्याच्या हंगामात खावे. घरचा भात असेल तर निदान काही पोती कमी पॉलिशचा काढून घ्यावा. रोज एकच रंग भरपूर खाण्यापेक्षा आठवड्यात पाच रंग थोडे थोडे खाणे आतड्यातल्या जीवाणूंनाही मानवते. मात्र ज्याचा कोलायटिस किंवा क्रोन्स भडकलेला आहे, त्याने कोंडा, बिया, साली असलेले पदार्थ डॉक्टरांना विचारूनच खावेत. आतडे अरुंद झालेले असेल तर तेच पदार्थ अडकतात.

आणि काही खुणा लक्षात ठेवा. बीट खाल्ल्यावर एखाद-दुसऱ्या दिवशी शौचाला लालसर झाले तर घाबरू नका, तो बीटालेनचा रंग असतो. पण बीट न खाता रक्त दिसत असेल, तीन-चार आठवडे जुलाब थांबत नसतील, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, वजन उतरत असेल, बारीक ताप येत असेल, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. आतड्याचा क्षयही असाच दिसतो आणि आपल्याकडे तो कमी नाही. क्षयाचे औषध वेगळे आणि क्रोन्सचे वेगळे, एकाला दुसऱ्याचे दिले तर नुकसान होते. म्हणून दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला लाजू नये आणि टाळू नये.

यंदा रस्त्याच्या कडेला द्रोण मांडून बसलेली बाई दिसली की जरूर थांबा, जांभळे घ्या, घासाघीस करू नका. तिने ती पहाटे रानात जाऊन उतरवलेली असतात. पोरांना पोटभर खाऊ द्या. आणि घरात कुणाच्या आतड्याच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर जांभळे खाऊन झाल्यावर त्या गोळ्याही वेळेवर घेतल्या की नाही, ते विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)